आवाज न चढवता

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गाणाऱ्याकडे आधी आवाज लागतो, बाकीचं मागून. भाऊबीज आटोपली की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात गावोगावी मंडई भरायला लागते. दिवसा दंडार, मिठाईची दुकानं, लेकी-जावयांची वर्दळ, आणि रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या ट्रकमध्ये पडदे घालून येतात. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि धानाच्या बांध्यांवरून येणाऱ्या गारठ्यात माणसं चादरी पांघरून ते शेवटपर्यंत बघतात. ध्वनिवर्धक नव्हते त्या काळात नटाचं पद मागच्या बंडीवर बसलेल्याला ऐकू जायलाच हवं, हा करारच होता. दंडारीतलं गाणं, खडीगंमतीतली शाहिराची ललकारी, रोवणीच्या दिवसांत एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाणारी बायांची गाणी, सगळं उघड्या आभाळाखालचं आणि मोठ्या गळ्याचं.

अशा मुलखात भावगीतगायक अरुण दाते यांच्यावर जीव टाकणारी माणसं कशी निपजली, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे. दात्यांनी आयुष्यभर आवाज चढवला नाही. त्यांचं गाणं जवळ बसलेल्या एकाच माणसाला सांगितल्यासारखं असे. ते गेले त्याला काही वर्षं झाली, तरी चुलबंद नदीच्या या काठाला त्यांची गाणी गुणगुणणारे शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका, किराणा दुकानदार भेटतात. ज्यांनी उभ्या जन्मात मुंबईच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाची पायरी चढली नाही आणि दात्यांना प्रत्यक्ष पाहिलंही नाही, अशी ही माणसं आहेत. त्यांच्याशी बोलत गेलो, त्यातून हा लेख झाला. कुणाचं नाव घालू नका, असं बहुतेकांनी सांगितलं. घातलेलं नाही.

६ मे २०१८ला, रविवारी पहाटे, मुंबईत कांजूरमार्गच्या राहत्या घरी अरुण दाते गेले. दोनच दिवसांपूर्वी त्यांना ८४ वर्षं पूर्ण झाली होती. त्या महिन्यात आमच्याकडे उसंत कुणालाच नव्हती. १६ मेपासून अधिक महिना लागणार होता, म्हणून ज्याच्या घरी लग्न ठरलेलं त्याने ते आधी उरकायची घाई चालवलेली. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता. भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक लागलेली, २८ला मतदान, त्यामुळे चौकाचौकात राजकारणाची चर्चा आणि जीपवरचे भोंगे. त्या गलक्यात ही बातमी मोबाइलवर आली. एक निवृत्त गुरुजी सांगत होते की ते नात्यातल्या लग्नाच्या मांडवात होते आणि बाहेर डीजे इतका जोरात होता की शेजारच्याला बातमी सांगायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागलं. शेजारचाही दात्यांचा चाहता. दोघं मांडवातून उठले, रस्ता ओलांडून पलीकडच्या पाणठेल्यावर जाऊन बसले. पाणठेलेवाल्याने काय झालं विचारलं, यांनी सांगितलं, आणि त्याने मोबाइलवर ‘शुक्रतारा’ लावला. डीजेमुळे त्यातलं काही ऐकू आलं नाही. तरी गाणं संपेपर्यंत तिघं थांबले.

मोठा गायक जातो तेव्हा काय होतं, याचं चित्र जुन्या लोकांच्या मनात रफीसाहेबांचं आहे. ३१ जुलै १९८०ला ते गेले आणि दुसऱ्या दिवशी भर पावसात मुंबईचे रस्ते माणसांनी भरून गेले. दात्यांच्या बाबतीत लाखांदुरात शोकसभा झाली नाही, फलक लागला नाही. ज्याने त्याने आपापल्या घरी दुःख केलं. मला ते त्यांच्या गाण्याला धरूनच झालं असं वाटतं.

दाते मूळचे इंदूरचे. जन्म ४ मे १९३४. पाळण्यातलं नाव अरविंद. वडील रामूभैया दाते म्हणजे त्या काळातले नामांकित रसिक. कुमार गंधर्व, पु. ल. देशपांडे ही त्यांच्या घरची माणसं. अरुण दात्यांना गाण्याचे सुरुवातीचे धडे कुमारांकडेच मिळाले, पुढे मुंबईत के. महावीर यांच्याकडे. मुंबईला ते आले होते वस्त्रोद्योगाचं तंत्रशिक्षण घ्यायला. १९५५पासून आकाशवाणीवर गाऊ लागले, ते मुख्यतः उर्दू गझला आणि गीतं. मराठी गाण्याला ते सहजी तयार नव्हते, आपल्या मराठीचा त्यांना भरवसा वाटत नसे. श्रीनिवास खळे यांनी पिच्छा सोडला नाही. मंगेश पाडगावकरांचं गीत, खळ्यांची चाल आणि सोबत सुधा मल्होत्रा, असा १९६२ साली ‘शुक्रतारा’ झाला.

इंदूरची ही गोष्ट आमच्या लोकांना फार जवळची वाटते, आणि त्याला कारण आहे. दाते आकाशवाणीवर गाऊ लागले त्या १९५५ साली भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ला सीमा बदलल्या तेव्हा आम्ही मुंबई राज्यात आलो आणि इंदूर नव्या मध्य प्रदेशात गेलं. हिंदी शेजारी ठेवून वाढलेली मराठी म्हणजे काय, हे इंदूरच्या माणसाला सांगावं लागत नाही आणि लाखांदूरच्याही नाही. पुण्या-मुंबईचा माणूस आमच्या बोलण्याला नाक मुरडतो, हा अनुभव इथे घरोघरी आहे. आमच्या झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. डोळ्याला डोरा म्हणतात, पाण्याला पानी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने आयुष्य घालून तिचं शास्त्र मांडलं, तेव्हा कुठे ती अशुद्ध मराठी नव्हे हे शाळांमधून बोललं जाऊ लागलं. ज्याला स्वतःच्या मराठीची धाकधूक होती त्या माणसाने इतकं निर्मळ मराठी गाऊन दाखवावं, याचं इथल्या शिक्षकांना अप्रूप वाटलं. एक बाई हसून सांगत होत्या की शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी दात्यांचं गाणं म्हटलं तेव्हा सगळे ‘ळ’ बरोबर आले, आणि घरी येऊन आईला तेच गाणं म्हणून दाखवताना एकही आला नाही. आईला हे घरचं म्हणणंच जास्त आवडलं.

हा आवाज इथवर आणला रेडिओने. नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ला सुरू झाली. आम्ही तिथून शंभरावर किलोमीटर. रेडिओला तेव्हा परवाना लागे, त्याची फी पोस्टात भरावी लागे, आणि रेडिओ असलेलं घर गावात ओळखलं जाई. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि गाणं शेतावर गेलं. धान चुरण्याच्या दिवसांत खळ्यावर राखणीला झोपणारा माणूस घोंगडी, काठी आणि ट्रान्झिस्टर घेऊन जायचा. पुंजण्यांच्या आडोशाला, वारा पडलेला, मैलभर दुसरा आवाज नाही. अशा ठिकाणी हळू आवाजातलं गाणं किती स्वच्छ ऐकू येतं, याची कल्पना सभागृहात बसून येत नाही. भावगीत हे दिवाणखान्यातलं, शहरी पांढरपेशांचं गाणं, असं समीक्षकांनी इतक्यांदा लिहिलंय की तेच खरं वाटायला लागलं. मला ते पटत नाही. लिहिणारे, चाल लावणारे, गाणारे शहरातले होते, हे बरोबर. पण ऐकणारा कुठे बसून ऐकत होता, हे कुणी विचारलं नाही.

मुळात भावगीताचा एक झरा आमच्याच विदर्भातून निघालाय. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गाऊन ध्वनिमुद्रित केली, ते मराठीतलं आद्य भावगीत मानतात. १९३०च्या दशकातली ही गोष्ट. त्याआधी जगभरच गाणाऱ्याला कर्ण्यात तोंड घालून ओरडावं लागे. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला आणि कुजबुजही तबकडीवर उतरायला लागली. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीने त्या मायक्रोफोनशी सलगी करून गायची नवी तऱ्हाच रूढ केली. आपल्याकडे गजानन वाटव्यांनी चौकाचौकातल्या गणेशोत्सवांत भावगीत लोकांपुढे नेलं. दाते या वाटेवरचे पुढचे. पण मायक्रोफोन सगळ्यांनाच मिळाला होता, त्याच्यापाशी इतक्या विश्वासाने बोलणारे थोडेच.

ते नेमकं काय करत, हे मला एका ऑर्गनवाल्याने समजावून दिलं. वडशाच्या कंपन्यांबरोबर कित्येक हंगाम वाजवलेला माणूस, बोटं जाड, नखांच्या कडांना हळदीसारखी तंबाखूची पिवळाई. घरातली पेटी त्याने पुढे ओढली आणि ‘शुक्रतारा’चा मुखडा वाजवला. हात सहज फिरला. मग अंतरा. तिथे त्याने मध्येच थांबून मान हलवली, पुन्हा घेतला. खळ्यांच्या चाली अशाच असतात, कानाला सोप्या आणि बोटाला अवघड. स्वर वर जातो, आणि आपल्याकडच्या गाणाऱ्याचा स्वर वर गेला की जोरही आपोआप वाढतो, शिरा ताठतात. दाते स्वर वर नेतात आणि जोर होता तिथेच ठेवतात. ओळीच्या शेवटचा शब्द ते दाबत नाहीत, श्वासात सोडून देतात. त्याने पेटीचा भाता एकदा जोरात आणि एकदा अलगद मारून दोन्ही ऐकवलं. मग शेजारी बसलेल्या निवृत्त गुरुजींकडे वळून म्हणाला, “गुरुजी, आवाज चढवला का गानं मेलं समजा.” आयुष्यभर मागच्या बंडीसाठी वाजवलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं मोल मला फार वाटलं.

गुरुजींकडे एक कॅसेट आहे. ऐंशीच्या दशकातली, नव्वद मिनिटांची. त्या काळी वडशाला कॅसेटची दुकानं होती; कोरी कॅसेट आणि आपल्या गाण्यांची यादी देऊन यायचं, आठ दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायची. हिच्या पुठ्ठ्यावर निळ्या बॉलपेनने एका बाजूची सगळी गाणी दात्यांची लिहिलेली, दुसऱ्या बाजूला रफी आणि तलत. दुकानदाराने ‘भातुकली’ चुकून दोनदा भरलं. गुरुजींनी ते कधी बदलून घेतलं नाही. आता कॅसेट वाजत नाही, वाजवायला यंत्रही नाही. नातवाने सगळी गाणी मोबाइलवर काढून दिली आहेत, पण गाणं संपल्यावर लगेच तेच गाणं परत लागत नाही, ही गुरुजींची तक्रार.

या माणसांना दात्यांची आणखी एक गोष्ट भावते. १९८५पर्यंत ते कापड उद्योगात नोकरी करत होते. ‘शुक्रतारा’ घराघरात पोचल्यावरही वीस-बावीस वर्षं त्यांनी नोकरी सोडली नाही. लाखांदूरला गाणारे आहेत ते असेच, तलाठी कार्यालयातून किंवा शाळेतून घरी आल्यावर पेटी काढणारे. गाणं पोटासाठी नाही, पण त्याच्याशिवाय गोडही लागत नाही. त्यांना दाते आपल्या जातकुळीचे वाटतात. नोकरी सोडल्यावर मात्र दात्यांनी ‘शुक्रतारा’ याच नावाने कार्यक्रम सुरू ठेवला आणि त्याचे अडीच हजारांवर प्रयोग केले. एवढे प्रयोग म्हणजे वर्षानुवर्षं गाडी, मुक्काम, परक्या गावातलं जेवण आणि रोज तेच गाणं नव्याने म्हणणं. झाडीपट्टीच्या नटांना हे हिशेब तोंडपाठ असतात. हंगामात रोज रात्री नव्या गावी तेच नाटक उभं करणाऱ्या एका कलावंताने मला विचारलं, अडीच हजाराव्या वेळी ते गाणं कसं म्हणत असतील हो? तो उत्तराची वाट बघत होता आणि मी काही बोलू शकलो नाही.

पाडगावकरांच्या शब्दांना दात्यांचा गळा आणि यशवंत देव किंवा खळे यांची चाल, ही सांगड आमच्या पिढीच्या कानात इतकी बसली आहे की एकाचं नाव घेतलं की बाकीचे आठवतात. खळे २०११मध्ये गेले, पाडगावकर ३० डिसेंबर २०१५ला. दाते गेले त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, यशवंत देवही गेले. म्हणजे २०१८ची मंडई भरली तेव्हा त्या चौघांपैकी कुणीही उरलं नव्हतं. विदर्भाच्या माणसाला यात एक नाव आणखी जोडावंसं वाटतं, अमरावतीच्या सुरेश भटांचं. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत दात्यांनी भटांचंही गाणं गायलं. भटांचा धगधगता शब्द या मऊ गळ्याला कसा पेलला, याचं नवल वाटतं खरं. ऐकलं की कळतं की दुखणं सांगायला ओरडावं लागत नाही.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला, ते सांगतो. आमच्याकडे माया बोलून दाखवायची रीत नाही. नवरा बायकोला गावात नावाने हाक मारत नाही, बाप पोराच्या पाठीवरून हात फिरवतो तो पोरगा झोपल्यावर. माया असते ती कामातून दिसते, ताटात वाढलेल्या भातातून दिसते. शब्दांनी ती सांगायची तर शब्द आणायचे कुठून? दंडारीत शृंगार आहे, पण तो चारचौघांत टाळ्या घेणारा. दात्यांच्या गाण्याने या मुलखाला हळू बोललेली माया दिली. ती मोठ्याने म्हणायची गरज नव्हती. नुसता रेडिओ लावला तरी चालत होतं.

एका मावशींकडे मी गेलो होतो. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. ते तलाठी होते, करड्या शिस्तीचे, घरात त्यांच्यापुढे कुणाची बोलायची छाती नव्हती. मावशी लाखोरीची डाळ निवडत बोलत होत्या, नजर सुपातच. म्हणाल्या की संसारात यजमानांनी गोड शब्द म्हणून एक कधी बोलला नाही. पण संध्याकाळी ‘शुक्रतारा’ लागला की ते जागेवरून उठायचे आणि रेडिओचा कान पिळून आवाज वाढवायचे. मावशी चुलीपुढे असायच्या, त्यांच्याकडे बघायचे नाहीत. गाणं संपलं की पुन्हा उठून आवाज होता तेवढा करायचे. “मले समजे,” मावशी म्हणाल्या, आणि सुपातला खडा काढून अंगणात टाकला. दाते गेल्याची बातमी त्यांना मुलाने सांगितली होती. त्या दिवशी त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली. ज्याच्याशी रक्ताचं नातं नाही, ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याचं सुतक धरलं. मुलगा म्हणाला, आई, असं कुठे असतं का? मावशींनी त्याला उत्तर दिलं नाही.

ही चार-सहा माणसं दर मे महिन्यात एका संध्याकाळी जमतात. ४ मे ही दात्यांची जन्मतारीख, ६ मे जाण्याची. यांनी निवडली मधली ५. कुणाच्या तरी गच्चीवर सतरंजी पडते. उन्हाचा तडाखा दिवस कलल्यावरही गच्चीच्या फरशीत असतो, म्हणून आधी दोन बादल्या पाणी मारतात. पेटी ऑर्गनवाल्याची, तबला नाहीच. माइक लावायचा नाही हा पहिला नियम, गाणाऱ्याला मध्ये दाद द्यायची नाही हा दुसरा. गेल्या वेळी मी बसलो होतो. किराणा दुकानदाराने एक गाणं घेतलं, शब्द विसरला, सगळे गप्प राहिले, त्याने आठवून आठवून पुढची ओळ धरली. परिचारिका रात्रपाळीला जायच्या आधी एकच गाणं म्हणून निघाली. सुरात सगळेच होते असं म्हणणार नाही. पण कुणीही आवाज चढवला नाही.

यंदा त्यांच्यात थोडा वाद चालू आहे. गुरुजींना वाटतं की हे गच्चीवर कोंडून ठेवू नये, मंडईच्या रात्री नाटक सुरू व्हायच्या आधी लोकांपुढे दोन गाणी म्हणावीत. गावातल्या पोरांना दाते माहीतच नाहीत, हे त्यांचं दुखणं. ऑर्गनवाला ऐकत नाही. मंडईचं पब्लिक तो जन्मभर ओळखतो. लोक शिट्ट्या मारतील, गाण्याची विटंबना होईल, त्यापेक्षा नको. परिचारिका गुरुजींच्या बाजूने आहे. तिचं म्हणणं, झाडीपट्टीचा प्रेक्षक रात्रभर थंडीत बसून संगीत नाटक ऐकतो, त्याला कमी लेखू नये. नाटकवाल्यांशी बोलणं झालं आहे, त्यांची हरकत नाही. गावातली एक अकरावीतली मुलगी गायला तयार आहे. तिचा गळा चांगला आहे, पण वरच्या स्वरावर जोर देते, आणि सध्या ऑर्गनवालाच रोज संध्याकाळी तिला घरी बोलावून तो जोर काढतोय. मंडईत म्हणायला त्याचा विरोध अजून कायम आहे. तरी परवा त्याने गुरुजींना निरोप पाठवला, की म्हणायचंच असेल तर कर्णे चार आहेत त्यातले दोन बंद ठेवायला सांगा, आणि माइक तिच्या तोंडापासून चार बोटं, त्याहून लांब नको.